ओळखीच्या दारामागील भय : जपानी भयखेळांतील उत्तरकृतींचा एक विचार

१

एखाद्या कादंबरीचा, नाटकाचा अथवा चित्रपटाचा दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा उतरत नाही, हा वाचकप्रेक्षकांचा जुना अनुभव आहे. भय हा ज्या कृतीचा मुख्य हेतू, तिच्या बाबतीत तर ही अडचण अधिकच बिकट होते. विनोद दुसऱ्यांदा ऐकताना हसू येऊ शकते, करुण प्रसंग पुन्हा वाचताना डोळे पुन्हा ओले होऊ शकतात. परंतु अंधारात काय दडले आहे हे एकदा कळले, की त्या अंधाराची धार बोथट होते. भय अज्ञातातून उपजते असे आपण मानतो, आणि उत्तरकृतीचा ग्राहक तर पहिल्या कृतीच्या ज्ञानाने संपन्न होऊनच आलेला असतो. म्हणजे तर्काने पाहता, भयप्रधान कृतीची उत्तरकृती ही जवळजवळ अशक्य गोष्ट ठरावी.

इतिहास मात्र ह्याच्या उलट साक्ष देतो. व्हिडिओ गेम ह्या माध्यमात 'सर्व्हायव्हल हॉरर' नावाचा एक प्रकार जपानमध्ये विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात स्थिर झाला. ह्या प्रकारातील दोन प्रमुख मालिका म्हणजे कॅपकॉम कंपनीची 'रेसिडेंट ईव्हिल' आणि कोनामी कंपनीची 'सायलेंट हिल'. ह्या दोन्ही मालिकांतील दुसरी कृती, म्हणजे अनुक्रमे १९९८ चा 'रेसिडेंट ईव्हिल २' आणि २००१ चा 'सायलेंट हिल २', जाणकारांमध्ये पहिलीहून सरस मानली जाते. दोन्हींची नव्या साधनांनी पुनर्रचना झाली, पहिलीची २०१९ मध्ये आणि दुसरीची २०२४ मध्ये. असे का घडले, ह्याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रारंभी परिभाषेविषयी दोन शब्द. 'सर्व्हायव्हल हॉरर' ह्या सामासिक पदात दोन अंगे आहेत: जीव वाचवून तगून राहणे आणि भय. ह्यांतील पहिले अंग खेळाच्या नियमांशी व दुसरे त्याच्या परिणामाशी संबद्ध आहे. सोयीसाठी पुढे 'भयखेळ' असा लहान शब्द वापरला आहे. परंतु त्यात तगून राहण्याचा अर्थ गृहीत धरावा. पूर्वकृतीच्या यशानंतर, तिच्याच नावाने व तिच्या ग्राहकाला उद्देशून रचलेल्या कृतीस 'उत्तरकृती' म्हटले आहे. मग तिच्यात जुनी कथा पुढे चालो वा न चालो.

२

उत्तरकृतीचा विचार करण्यापूर्वी पूर्वकृतीने खेळणाऱ्याला काय शिकविले, हे पाहणे आवश्यक आहे. 'रेसिडेंट ईव्हिल' हा खेळ जपानमध्ये मार्च १९९६ मध्ये 'बायोहझार्ड' ह्या नावाने प्लेस्टेशन यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. त्याचे दिग्दर्शक शिंजी मिकामी व निर्माते तोकुरो फुजिवारा. फुजिवारा ह्यांनी १९८९ मध्ये कियोशी कुरोसावा ह्यांच्या 'स्वीट होम' ह्या चित्रपटावर आधारलेला त्याच नावाचा खेळ रचला होता, आणि नव्या खेळाचा उगम त्या खेळाच्या पुनर्रचनेच्या कल्पनेत आहे. फ्रान्समध्ये १९९२ साली निघालेल्या 'अलोन इन द डार्क' ह्या खेळाने स्थिर कॅमेऱ्यातून दिसणारे जुने घर व त्यात वावरणारी घनाकृती पात्रे ही मांडणी आधीच दाखवून दिली होती. ह्या दोन प्रवाहांचा संगम १९९६ च्या खेळात झाला.

खेळाची कथा साधी आहे. डोंगरातील एका प्रशस्त वाड्यात पोलिसांच्या विशेष पथकातील माणसे अडकतात. वाड्यात विषाणूच्या संसर्गाने चालती प्रेते झालेली माणसे व विकृत प्राणी वावरत असतात. परंतु ह्या खेळाचे वैशिष्ट्य कथेत नसून नियमांत आहे. बंदुकीच्या गोळ्या मोजक्या आहेत. सोबत बाळगता येणाऱ्या वस्तूंची संख्या ठरलेली आहे: क्रिस ह्या पात्रास सहा, तर जिल ह्या पात्रास आठ. झालेली प्रगती जतन करावयाची तर टंकलेखन यंत्रापाशी जावे लागते, आणि त्यासाठी लागणारी शाईची फीतही मोजकीच मिळते. कॅमेरा प्रत्येक दालनात एका जागी खिळलेला असल्यामुळे वळणापलीकडचे दिसत नाही. ऐकू मात्र येते.

आपल्या काव्यशास्त्रात भयानक रसाचा विचार करताना रसिक स्वतः सुरक्षित आहे हे गृहीत असते. रंगभूमीवरील पात्राचे भय त्याचे भय नव्हे. तो त्या भावाचा आस्वाद घेत असतो. भयखेळात ही स्थिती किंचित बदलते. शाईची फीत वाचविण्यासाठी ज्याने तासभर प्रगती जतन केली नाही, त्याचे पात्र मेले तर खेळणाऱ्याच्या स्वतःच्या आयुष्यातील तो तास वाया जातो. हानी कल्पित नसून खरी आहे, मग ती कितीही लहान असो. म्हणून टंचाई हा ह्या खेळांतील केवळ अलंकार नाही. रसिकाची सुरक्षितता थोडीशी काढून घेण्याचे ते साधन आहे.

ह्या नियमांबरोबर आणखी एक गोष्ट खेळणारा नकळत शिकला, ती म्हणजे दाराचा अर्थ. एका दालनातून दुसऱ्यात जाताना पडदा काळा होतो आणि दार सावकाश उघडत असल्याचे दृश्य दिसते. तबकडीवरील पुढची माहिती वाचण्यास यंत्रास लागणारा वेळ ह्या दृश्याने झाकला जातो. दार उघडण्याचे असे दृश्य 'स्वीट होम'मध्येही होते. तांत्रिक गरजेतून आलेल्या ह्या योजनेचा एक अर्थ खेळणाऱ्याच्या मनात रुजला: काही ठरावीक प्रसंग वगळता, शत्रू दार ओलांडून मागे येत नाही. दार ओलांडले की सुटका. हा नियम कोणी सांगितला नव्हता. वापरातून तो सिद्ध झाला, जसे व्याकरणाचे नियम मूल वापरातून शिकते. ह्या दाराकडे आपल्याला पुढे वारंवार वळावे लागेल.

३

पहिल्या खेळाच्या यशानंतर दुसऱ्याचे काम लगेच हाती घेण्यात आले. दिग्दर्शनाची जबाबदारी हिदेकी कामिया ह्या तरुण रचनाकारावर सोपविण्यात आली. मिकामी निर्माते झाले. ह्या टप्प्यावर जी कृती आकारास आली ती पुढे 'रेसिडेंट ईव्हिल १.५' ह्या अनधिकृत नावाने ओळखली जाऊ लागली. लिऑन केनेडी हा नवा पोलीस आणि एल्झा वॉकर ही मोटारसायकल चालविणारी विद्यार्थिनी अशी तिची दोन मुख्य पात्रे होती. घटनास्थळ रॅकून सिटी ह्या शहरातील पोलीस ठाणे होते. पण ते आधुनिक, व्यवहारोपयोगी इमारतीसारखे रंगविले होते. पडद्यावर एका वेळी अधिक प्रेते दाखविता यावीत म्हणून त्यांच्या आकृती सोप्या करण्यात आल्या होत्या. काम निम्म्याहून बरेच पुढे गेल्यावर ही संपूर्ण कृती बाजूस ठेवण्यात आली. ती कंटाळवाणी झाली आहे, असा निर्णय तिच्या कर्त्यांनीच दिला.

इतिहासाच्या अभ्यासकाला ही रद्द झालेली कृती फार मोलाची वाटते. कारण उत्तरकृतीचा एक सर्वमान्य मार्ग निष्फळ ठरल्याचा पुरावा तिने मागे ठेवला आहे. तो मार्ग म्हणजे वाढीचा: शत्रू अधिक, शस्त्रे अधिक, परिसर मोठा. पहिल्या खेळात एका प्रेताला चुकवून कसे जावे हे शिकलेला खेळणारा पाच प्रेतांनाही चुकवू शकतो. संख्या वाढली म्हणून त्याच्या ज्ञानाची किंमत कमी होत नाही. उलट ते ज्ञान त्याला अधिकाधिक उपयोगी पडत जाते आणि भय त्या प्रमाणात ओसरते.

ह्या वेळी नोबोरू सुगिमुरा ह्या दूरचित्रवाणीसाठी लेखन करणाऱ्या पटकथालेखकाचे साहाय्य घेण्यात आले. त्यांच्या हातून झालेले बदल पाहण्यासारखे आहेत. एल्झा वॉकर जाऊन तिच्या जागी क्लेअर रेडफील्ड आली. ती पहिल्या खेळातील क्रिसची बहीण असून भावाच्या शोधात शहरात येते. अशा प्रकारे दुसऱ्या कृतीचा पहिलीशी नात्याचा धागा जुळला. आधुनिक पोलीस ठाण्याच्या जागी एक भव्य, जुनी वास्तू आली. ही इमारत पूर्वी कलावस्तूंचे संग्रहालय होती, असे कथेत कारण दिले गेले. उंच दालने, पुतळे, चमत्कारिक किल्ल्या व कोडी ह्यांनी भरलेली ही वास्तू म्हणजे पहिल्या खेळातील वाड्याचेच दुसरे रूप होय.

येथे शीर्षकाची एक गंमत नोंदविण्याजोगी आहे. 'बायोहझार्ड' म्हणजे जैविक धोका. हे जपानी आवृत्तीचे नाव अरिष्टाचे कारण सांगते. व्यापारी नावाच्या नोंदणीच्या अडचणीमुळे परदेशात 'रेसिडेंट ईव्हिल' हे नाव स्वीकारण्यात आले; वास्तूत वसत असलेले अनिष्ट, असा त्याचा आशय. हे नाव अरिष्टाचे स्थान सांगते. कथा वाड्यातून शहरात गेली तेव्हा जपानी नाव अबाधित राहिले, इंग्रजी नाव मात्र खरे तर निराधार व्हावयास हवे होते. ते तसे झाले नाही, कारण दुसऱ्या खेळाने शहरातही एक वास्तू शोधली. कारण बदलून स्थान राखणे आणि स्थान बदलून त्याचा स्वभाव राखणे ह्या भिन्न गोष्टी आहेत. सुगिमुरा व कामिया ह्यांनी दुसरा पर्याय निवडला.

म्हणजे रद्द कृती व प्रसिद्ध कृती ह्यांतील मुख्य भेद नावीन्याच्या प्रमाणाचा नाही. उलट प्रसिद्ध कृती पूर्वकृतीच्या अधिक जवळ आहे. आधी नवेपणा कमी पडत नव्हता. कमी पडत होती ती ओळख.

४

ओळख वाढविल्याने भय वाढले, हे विधान प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. ते स्पष्ट करण्यासाठी भाषेच्या व्यवहारातील एक साधे उदाहरण घेऊ. "मी दार लावले होते" आणि "दार तर मी लावले होते" ह्या दोन वाक्यांतील घटना एकच आहे. परंतु दुसऱ्या वाक्यातील 'तर' हे अव्यय काही अधिक सांगते. दार हा विषय श्रोत्याला ठाऊक आहे, त्याविषयी एक निश्चिती होती, आणि आता त्या निश्चितीला बाध आणणारे काहीतरी समोर आले आहे, हे सर्व त्या एका शब्दात सूचित होते. पहिले वाक्य माहिती देते. दुसऱ्याने अंगावर काटा येऊ शकतो. व्हिलेम माथेसियस व त्यांच्या प्राग येथील सहकाऱ्यांनी वाक्यात ज्ञात अंशाकडून नव्या अंशाकडे होणाऱ्या गतीचा विचार मांडला आहे. त्या विचाराच्या आधारे असे म्हणता येईल, की ज्ञात अंश हे केवळ ओझे नसून नव्या अंशाला बळ देणारा तो आधार आहे. आधार जितका पक्का, तितका त्याला बसणारा हादरा मोठा.

'रेसिडेंट ईव्हिल २' जानेवारी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या रचनेत हे तत्त्व पदोपदी आढळते. पहिल्या खेळातील एक प्रसंग सर्वांच्या स्मरणात होता: एका अरुंद मार्गिकेतून जाताना खिडकीची काच फोडून कुत्रे आत झेप घेतात. दुसऱ्या खेळात मार्गिका पुन्हा येते, खिडकी पुन्हा येते. परंतु ह्या वेळी काच फुटत नाही. खिडकीबाहेरून काहीतरी सरपटत गेल्याचा क्षणभर भास होतो आणि बस्स. ज्याने पहिला खेळ खेळला नाही त्याला हे सौम्य वाटेल. ज्याने खेळला आहे तो पुढील पाऊल टाकण्यास कचरतो. मग पुढच्या वळणावर छतावरून रक्ताचे थेंब पडू लागतात, आणि 'लिकर' नावाच्या नव्या प्राण्याची गाठ पडते.

ह्या खेळाची सर्वांत विचारपूर्वक केलेली योजना म्हणजे त्याचे दुहेरी कथानक. खेळ दोन तबकड्यांवर होता, एक लिऑनची व एक क्लेअरची. एका पात्राचा डाव पूर्ण झाल्यावर त्याच रात्रीची, त्याच इमारतीतील दुसऱ्या पात्राची हकीकत खेळता येते. पहिल्या डावातील काही निवडी दुसऱ्यात उतरतात. शस्त्रागाराच्या कपाटात एक प्रभावी बंदूक आणि सामान वाहण्याची जास्तीची पिशवी आहे. पहिल्या पात्राने दोन्ही उचलल्या तर मागून येणाऱ्या दुसऱ्याला कपाट रिकामे सापडते. टंचाईचा नियम तोच. परंतु आता ज्याचे आपण हिरावून घेतो तो आपणच आहोत. वाचकाच्या हे ध्यानात येईल, की ही अडचण केवळ जाणत्याला पडते. दुसरा डाव आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला कपाटापुढे थबकण्याचे कारण नाही.

दुसऱ्या डावात आणखी एक बदल होतो. पहिल्या डावात खेळणाऱ्याने पोलीस ठाण्याचा नकाशा आत्मसात केलेला असतो. कोठे काय आहे, कोणते दालन निर्धास्त आहे, हे त्याला पाठ झालेले असते. नेमक्या ह्या वेळी लांब कोट घातलेला, न बोलणारा, मारूनही पुन्हा उठणारा एक पाठलाग करणारा अवतरतो. खेळणाऱ्यांनी त्याला 'मिस्टर एक्स' म्हटले. एके ठिकाणी तो भिंत फोडून आत येतो. ज्या भिंतीला खेळणाऱ्याने कधी वस्तू म्हणून पाहिलेच नव्हते, जी त्याच्या लेखी केवळ जागेची मर्यादा होती, ती फुटते. हा पाठलाग पहिल्या डावातच असता तर तो इतर संकटांपैकी एक ठरला असता. तो दुसऱ्या डावात आहे म्हणून तो केवळ पात्रावर चालून येत नाही; खेळणाऱ्याने कमावलेल्या ज्ञानावर चालून येतो.

पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, ह्या मालिकेतील तिसऱ्या खेळाने ह्याच दिशेने आणखी एक पाऊल टाकले. 'नेमेसिस' नावाचा त्यातील पाठलाग करणारा दार ओलांडून पुढच्या दालनात येऊ शकतो. तीन वर्षे ज्या दाराने खेळणाऱ्याला अभय दिले होते, ते दार तर त्याने लावलेलेच होते!

विक्रीच्या दृष्टीने पाहिल्यास, कॅपकॉमने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार पहिल्या खेळाच्या मूळ आवृत्तीच्या सुमारे २७.५ लाख प्रती खपल्या, तर दुसऱ्याच्या सुमारे ४९.६ लाख. तथापि विक्री हे पूर्वकृतीच्या लौकिकाचेही फळ असते. तेवढ्यावरून उत्तरकृतीचे यश ठरविणे सयुक्तिक होणार नाही. ह्या मुद्द्याकडे आपण पुन्हा येऊ.

५

कोनामीच्या 'सायलेंट हिल' मालिकेचा मार्ग वेगळा आहे, म्हणून आपल्या सिद्धान्ताची परीक्षा तेथे अधिक कसून होते. केइइचिरो तोयामा ह्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला खेळ १९९९ मध्ये आला. हरवलेल्या मुलीचा शोध घेणारा पिता धुक्याने वेढलेल्या एका गावात फिरतो, अशी त्याची कथा. प्लेस्टेशन यंत्राला दूरवरचे दृश्य रेखाटणे झेपत नव्हते, आणि ते न्यून धुक्याने व अंधाराने झाकले गेले. शत्रू जवळ आला की खिशातील रेडिओ खरखरतो. म्हणजे येथेही खेळणारा काही नियम शिकला: धुके म्हणजे न दिसणारे संकट, रेडिओ म्हणजे पूर्वसूचना.

मासाशी त्सुबोयामा ह्यांच्या दिग्दर्शनाखाली सप्टेंबर २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या खेळाने पहिल्याची कथा सोडून दिली. गाव तेच, धुके तेच, रेडिओ तोच. माणसे सर्वस्वी नवी. नवे प्लेस्टेशन २ यंत्र अधिक समर्थ होते, तरीही धुके राखण्यात आले. आता ती गरज नसून निवड होती. जेम्स सुंदरलँड ह्या गृहस्थाला त्याची पत्नी मेरी हिचे पत्र येते आणि तो तिला भेटण्यासाठी ह्या गावी येतो. मेरी तीन वर्षांपूर्वी मरण पावली आहे, असे तो आपल्याला सांगतो.

पहिल्या खेळाने खेळणाऱ्याला एक गोष्ट इतकी सहज शिकविली होती, की ती शिकविली गेली आहे हेही कोणाच्या लक्षात आले नव्हते: संकट बाहेर आहे, आणि आपण ज्याला चालवितो तो माणूस निर्दोष आहे. पिता मुलीला शोधतो ह्यात शंका घेण्यासारखे काय आहे? दुसऱ्या खेळाने ह्याच विश्वासाला हात घातला. खेळाच्या अखेरीकडे उघड होते, की आजारी पत्नीला जेम्सनेच उशी दाबून मारले आहे. गावातील विकृत आकृती, आणि मासाहिरो इतो ह्यांनी रेखाटलेला तो त्रिकोणी शिरोभाग असलेला, अवजड सुरा ओढीत चालणारा मारेकरी, ही त्याच्याच अपराधाची व शिक्षेच्या इच्छेची रूपे ठरतात.

ह्या संदर्भात पत्राची योजना मोठी मार्मिक आहे. मेरीचे पत्र जेम्सच्या सामानात पहिल्यापासून असते आणि ते केव्हाही उघडून वाचता येते. जसजसा खेळ पुढे सरकतो तसतशी त्यातील अक्षरे नाहीशी होतात. कागद कोरा पडतो, आणि शेवटी तोही राहत नाही. ज्या लेखी पुराव्यावर संपूर्ण प्रवास आधारलेला होता, तो कधी अस्तित्वातच नव्हता. सामानाची यादी ही भयखेळातील सर्वांत विश्वासार्ह जागा; तेथील गोळ्यांचा आकडा कधी खोटे बोलत नाही. त्या यादीतील एक वस्तू मुकाट्याने बदलते, आणि खेळाने त्याची वर्दीही दिलेली नसते.

परंतु आपल्या मुद्द्याला सर्वांत बळकटी देणारी गोष्ट शेवटांच्या योजनेत आहे. खेळाचे अनेक शेवट आहेत, आणि त्यांपैकी कोणता वाट्याला येणार हे एखाद्या उघड प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून नाही. खेळणारा सबंध काळ कसा वागला ह्यावर ते ठरते. भयखेळ खेळून सरावलेला माणूस औषध जपून वापरतो. जखमी अवस्थेतच तो पुढे चालत राहतो, कारण टंचाईने त्याला तसे शिकविले आहे. 'सायलेंट हिल २' ही काटकसर पाहत असतो, आणि तिचा अर्थ असा लावतो, की ह्या माणसाला जगण्याची इच्छा उरलेली नाही. बराच काळ जखमी राहणे आणि अँजेला ह्या पात्राकडून मिळालेला सुरा न्याहाळणे ही जेम्सच्या आत्मघाताच्या शेवटाकडे नेणारी चिन्हे आहेत. उलट मेरीसारखी दिसणाऱ्या मारिया ह्या स्त्रीची सतत काळजी वाहिली, तर जेम्स तिच्यासह गाव सोडतो. पण ती खोकू लागते, आणि मेरीच्या आजाराची आवर्तने पुन्हा सुरू होणार असे सूचित होते. सोबतच्या पात्राला जपावे हाही इतर खेळांनी शिकविलेलाच धडा.

म्हणजे 'रेसिडेंट ईव्हिल २' ने खेळणाऱ्याच्या स्थलविषयक ज्ञानातून भय निर्माण केले, तर 'सायलेंट हिल २' ने त्याच्या सवयींतून. पहिल्या कृतीने दिलेले कौशल्य दुसऱ्या कृतीत साक्षीदार होऊन त्याच्याविरुद्ध उभे राहते. हे ज्याला आधी काहीच ठाऊक नाही त्याच्या बाबतीत घडू शकत नाही.

६

ह्या मताला एक आक्षेप संभवतो. २००५ चा 'रेसिडेंट ईव्हिल ४' हा खेळ अत्यंत यशस्वी ठरला, आणि त्यात तर जुने नियम सर्रास मोडले आहेत: स्थिर कॅमेरा गेला, चालती प्रेते गेली, गोळ्या वाढल्या. आक्षेप खरा आहे. पण आरंभीच्या खेड्यातील प्रसंग पाहावा. जुन्या सवयीने खेळणारा एका घरात शिरून आश्रय घेतो. शत्रू मंद आहेत आणि दार हे अभय आहे, हे त्याचे गृहीत असते. गावकरी मात्र धावतात, कुऱ्हाडी फेकतात, दारावर घाव घालतात, खिडक्यांना शिड्या लावतात. नियम मोडले ते विसरून नव्हे. ते खेळणाऱ्याच्या स्मरणात आहेत ह्याची खात्री बाळगून मोडले.

जपानबाहेरील एक उदाहरणही येथे उपयोगी पडेल. अमेरिकेत २००८ साली रचलेल्या 'डेड स्पेस' ह्या खेळात आयझॅक क्लार्क नावाचा अभियंता इशिमुरा ह्या अंतराळयानात विकृत प्रेतांशी झगडतो. २०११ च्या त्याच्या उत्तरकृतीत एका टप्प्यावर आयझॅकला पुन्हा त्याच यानात जावे लागते. आता तेथे साफसफाई चालू आहे, जागोजागी प्लास्टिकचे पडदे टांगले आहेत, आणि बराच वेळ काहीही घडत नाही. एकही शत्रू येत नाही. ओळखीच्या प्रत्येक वळणावर खेळणारा शस्त्र रोखून थांबतो आणि समोर रिकामी जागा असते. रिकाम्या खोलीचे भय केवळ स्मरणशक्ती निर्माण करू शकते.

ह्याउलट २०१२ चा 'रेसिडेंट ईव्हिल ६' आणि २०१३ चा 'डेड स्पेस ३' ह्या कृती पाहाव्यात. पहिल्यात अनेक नायक, अनेक देश आणि अखंड धुमश्चक्री आहे. त्याच्या ७० लाख प्रती त्या आर्थिक वर्षात जातील अशी कॅपकॉमची अपेक्षा होती. वर्षाअखेर आकडा सुमारे ४९ लाखांपाशी थांबला. हा आकडा 'रेसिडेंट ईव्हिल २' च्या आकड्याशी जवळजवळ जुळतो. तरीही एकाची गणना मालिकेच्या शिखरांत होते आणि दुसऱ्याविषयी भय हरवल्याची तक्रार झाली. केवळ विक्रीवरून निर्णय देऊ नये, असे वर म्हटले ते ह्याचसाठी. 'डेड स्पेस ३' मध्ये सर्व शस्त्रांना एकाच प्रकारची गोळी चालते व दोघांना मिळून खेळता येते. दोन्ही कृती 'रेसिडेंट ईव्हिल १.५' चा मार्ग पुन्हा चालल्या: त्यांनी खेळणाऱ्याचे ज्ञान त्याच्या हाती तसेच राहू दिले आणि समोरचा पसारा तेवढा वाढविला.

कॅपकॉमने २०१७ मध्ये सातव्या खेळात पुन्हा एका घराचा आश्रय घेतला, हे ह्या दृष्टीने बोलके आहे. त्या वेळी जपानी आवृत्तीने इंग्रजी नाव उपशीर्षक म्हणून घेतले आणि परदेशी आवृत्तीने जपानी नाव. कारणाचे नाव व स्थानाचे नाव एकवीस वर्षांनी एकाच मुखपृष्ठावर आले.

७

पुनर्रचना ही उत्तरकृतीची सर्वांत कठोर कसोटी होय. कारण तिच्यात कथाही तीच आणि स्थळही तेच असते. मिकामी ह्यांनी २००२ मध्ये पहिल्या खेळाची पुनर्रचना केली तेव्हा मारलेली प्रेते जाळली नाहीत तर काही काळाने अधिक चपळ होऊन उठतील, अशी योजना केली. जुन्या खेळात पडलेले प्रेत म्हणजे निर्धोक झालेली जागा होती. २०१९ च्या 'रेसिडेंट ईव्हिल २' मध्ये सामान्य प्रेतेही दार ढकलून मागे येतात, आणि मिस्टर एक्सची जड पावले भिंतीपलीकडून सबंध ठाण्यात ऐकू येत राहतात. ज्यांनी १९९८ चा नकाशा पाठ केला होता त्यांना तो पाठ उपयोगीही पडतो आणि फसवितोही.

ह्या सर्व विवेचनाचे तात्पर्य असे, की भयखेळाची उत्तरकृती पूर्वकृतीहून मोठी असल्यामुळे यशस्वी होत नाही, आणि केवळ वेगळी असल्यामुळेही होत नाही. पूर्वकृतीचे भय अज्ञानावर उभे असते. ते भांडवल एकदाच खर्चता येते. उत्तरकृतीला दुसरे भांडवल शोधावे लागते, आणि ते तिच्या ग्राहकापाशीच असते: त्याने पाठ केलेल्या वाटा, त्याला जडलेल्या सवयी, त्याने कोणीही न सांगता मान्य केलेले नियम. जी उत्तरकृती हे ज्ञान त्याच्याकडून काढून न घेता, ते त्याच्याच हाती असताना अपुरे करून दाखविते, ती यशस्वी होते.

भय अज्ञातातून उपजते, हे आरंभी उद्धृत केलेले मत ह्यामुळे अर्धेच खरे ठरते. अज्ञाताचे भय अल्पायुषी आहे. परिचयाने ते मरते. ओळखीच्या गोष्टीविषयीची निश्चिती ढळणे हे भयाचे दुसरे व अधिक टिकाऊ उगमस्थान आहे. मालिका, चक्रकथा, पुनर्कथन अशा परंपरागत प्रकारांचा अभ्यास करणाऱ्यांनीही हा प्रश्न आपापल्या क्षेत्रात विचारून पाहावा: श्रोत्याला कथा ठाऊक आहे हे गृहीत धरून सांगणाऱ्याने त्या ज्ञानाचे काय केले? ह्या प्रश्नाच्या अभ्यासासाठी भयखेळांसारखे सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल. कारण येथे ग्राहकाचे ज्ञान केवळ त्याच्या मनात राहत नाही, ते त्याच्या हाताच्या हालचालींत उतरते, आणि तेथे ते पाहता व मोजता येते.